ओव्हरक्लॉकिंगसाठी प्रोसेसर आणि मदरबोर्ड कसा निवडावा

प्रोसेसरचा वेग एका साध्या गुणाकारातून ठरतो. संगणकातील मूळ घड्याळ सेकंदाला ठरावीक ठोके देत असते. त्याला बेस क्लॉक म्हणतात आणि आजच्या डेस्कटॉप संगणकांत तो जवळजवळ सर्वत्र १०० मेगाहर्ट्झ असतो. प्रोसेसर या आकड्याला मल्टिप्लायरने गुणतो. मल्टिप्लायर ५० असेल तर वेग ५,००० मेगाहर्ट्झ, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ होतो. या दोहोंपैकी एक आकडा उत्पादकाने आखून दिलेल्या मर्यादेपलीकडे नेणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. हे काम बायॉसमधल्या (संगणक सुरू होताना चालणाऱ्या, मदरबोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमधल्या) एका रकान्यात ५० च्या जागी ५२ लिहिण्याइतके सोपे दिसते. पण तो रकाना बदलता येईल की नाही, आणि बदलला तरी वाढलेला भार यंत्रणेला पेलेल की नाही, हे दोन्ही खरेदीच्या वेळीच ठरून गेलेले असते.

म्हणून खरेदी करणाऱ्यापुढे दोन वेगवेगळे प्रश्न असतात. पहिला परवानगीचा: हा प्रोसेसर आणि हा चिपसेट (मदरबोर्डावरची, इतर भाग जोडणारी चिप) मल्टिप्लायर बदलू देतात का? दुसरा कुवतीचा: बदललेल्या वेगाला लागणारी वीज हा मदरबोर्ड तासन्‌तास स्थिरपणे पुरवू शकतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते. दुसऱ्याचे उत्तर शोधावे लागते, आणि बहुतेकांची निवड चुकते ती तिथेच.

परवानगी: इंटेलची अक्षरे

एके काळी हा परवानगीचा प्रश्न इतका काटेकोर नव्हता. १९९८ साली आलेल्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरचा मल्टिप्लायर ४.५ वर कुलूपबंद होता आणि बसचा वेग, म्हणजे तेव्हाचा मूळ ठोका, ६६ मेगाहर्ट्झ होता. लोकांनी मल्टिप्लायरला हातच लावला नाही. मदरबोर्डावर बसचा वेग १०० केला आणि ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर चालू लागला. ही वाट २०११ मध्ये सँडी ब्रिज पिढीने जवळजवळ बंद केली, कारण तेव्हापासून प्रोसेसर, पीसीआय एक्सप्रेस आणि साटा (कार्डे आणि डिस्क जोडणारे मार्ग) या सर्वांचे ठोके एकाच घड्याळावरून येऊ लागले. बेस क्लॉक १०० वरून १०५ च्या आसपास नेला तरी प्रोसेसरच्या आधी इतर भाग कुरकुरू लागत. तेव्हापासून इंटेलच्या बाबतीत खरे ओव्हरक्लॉकिंग म्हणजे मल्टिप्लायर बदलणे, आणि तो बदलण्याची मुभा नावाच्या शेवटी ‘के’ हे अक्षर असलेल्या प्रोसेसरांनाच मिळते.

या अक्षरांचा घोळ समजून घेतला पाहिजे. ‘के’ म्हणजे मल्टिप्लायर खुला. ‘केएफ’ म्हणजे मल्टिप्लायर खुला, पण आत ग्राफिक्स नाही. ‘केएस’ म्हणजे निवडक चिपांमधून वेगळी काढलेली, कारखान्यातूनच अधिक वेगाने चालणारी आवृत्ती. नुसते ‘एफ’ मात्र फक्त ग्राफिक्स नसल्याचे सांगते. त्याचा ओव्हरक्लॉकिंगशी काही संबंध नाही. ‘टी’ म्हणजे कमी विजेवर चालणारा प्रोसेसर, म्हणजे आपल्या हेतूच्या अगदी उलट दिशेचा.

इंटेलच्या बाबतीत प्रोसेसर खुला असून भागत नाही, चिपसेटही ‘झेड’ मालिकेतला लागतो. एलजीए १७०० या सॉकेटवर (प्रोसेसर बसवण्याच्या जागेवर), म्हणजे १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीसाठी, झेड६९० आणि झेड७९० हे ते चिपसेट आहेत. २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेचे सॉकेट एलजीए १८५१ आहे आणि तिथे झेड८९० लागतो. बी६६० किंवा बी७६० चिपसेटवर मेमरीचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर वाढवता येत नाही. एच६१० वर मेमरीचीही मुभा नाही. ‘के’ प्रोसेसर बी७६० वर बसवला तर तो बिघडत नाही की अडतही नाही. उत्पादकाने ठरवलेल्या बूस्टपर्यंत (गरजेनुसार आपोआप वाढणारा वेग, यालाच टर्बोही म्हणतात) तो तिथेही जातो, त्यापलीकडे जात नाही इतकेच. याच्या उलट ‘के’ नसलेला प्रोसेसर झेड७९० वर बसवणाऱ्याला जास्तीचे पोर्ट आणि लेन (उपकरणे जोडण्याचे माहितीमार्ग) मिळतात, पण ओव्हरक्लॉकिंगसाठी मोजलेले पैसे वाया जातात.

अधूनमधून या नियमाला फटी पडतात. २०१५ च्या स्कायलेक पिढीत बेस क्लॉक पुन्हा मोकळा झाला होता आणि काही मदरबोर्ड उत्पादकांनी ‘के’ नसलेल्या प्रोसेसरांसाठी बायॉसमधून वाट काढून दिली. ती पुढे मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनासंचाच्या) अद्ययावतीकरणाने बुजवण्यात आली. १२व्या पिढीतही बाहेरचे स्वतंत्र क्लॉक जनरेटर असलेल्या काही मोजक्या मदरबोर्डांवर असे करता येत असे. अशा फटींवर भरवसा ठेवून खरेदी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण सुरक्षिततेसाठी बायॉस अद्ययावत करण्याची वेळ आली की वेग आणि सुरक्षितता यांतून एकाची निवड करावी लागते.

परवानगी: एएमडीचे अपवाद

एएमडीचा हिशेब सोपा आहे. रायझनचे बहुतेक सर्व डेस्कटॉप प्रोसेसर खुले असतात, त्यामुळे नावातली अक्षरे चाळत बसावे लागत नाही. मात्र थ्रीडी व्ही-कॅश (थर रचून दिलेली जास्तीची जलद मेमरी) असलेल्या प्रोसेसरांबाबत थांबून पाहावे लागते. २०२२ च्या रायझन ७ ५८००एक्स३डीमध्ये जास्तीची कॅश, कोअर (प्रत्यक्ष गणना करणारे भाग) असलेल्या चिपच्या डोक्यावर रचलेली होती. त्यामुळे कोअरची उष्णता कॅशच्या थरातून बाहेर पडत असे आणि या रचनेला जास्त व्होल्टेजही सोसत नसे; म्हणून त्याचा मल्टिप्लायर कुलूपबंद ठेवला गेला. २०२३ च्या ७८००एक्स३डीमध्येही मल्टिप्लायर बंदच राहिला, पण व्होल्टेजचा आलेख खाली सरकवण्याची मुभा मिळाली. २०२४ च्या ९८००एक्स३डीमध्ये कॅश कोअरच्या खाली नेली, उष्णतेची वाट मोकळी झाली आणि कुलूपही निघाले. रचनेतला एक थर खालीवर झाल्याने परवानगी बदलते, हे याचे चांगले उदाहरण आहे.

चिपसेटच्या बाजूने एएम४ सॉकेटवर ए३२० आणि ए५२० ओव्हरक्लॉकिंगला परवानगी देत नाहीत. बी३५०, बी४५०, बी५५० आणि सर्व एक्स मालिका देतात. एएम५ वर ए६२० प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग करू देत नाही, बी६५०, बी८५० आणि एक्स मालिका करू देतात. बी८४० हे नाव मात्र फसवे आहे: ‘बी’ पाहून परवानगी गृहीत धरली जाते, पण तिथे फक्त मेमरीचा वेग वाढवता येतो. एक्स६७० घेतल्याने ओव्हरक्लॉकिंग अधिक चांगले होते असाही एक समज आहे. एक्स६७० म्हणजे बी६५० मध्ये वापरलेल्या चिपसारख्याच दोन चिपा एकामागे एक जोडलेल्या. त्यातून पोर्ट आणि लेन वाढतात, प्रोसेसरला मिळणाऱ्या विजेशी त्याचा संबंध नाही. वीजपुरवठा भक्कम असलेला बी६५० मदरबोर्ड कमजोर पुरवठ्याच्या एक्स६७० पेक्षा आपल्या कामाला सरस ठरतो.

कुवत: व्हीआरएम नावाचा भाग

एसएमपीएसकडून प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वीज येते, पण प्रोसेसरच्या कोअरना साधारण १ ते १.४ व्होल्ट लागतात. हे रूपांतर सॉकेटच्या भोवती रांगेने बसवलेले घटक करतात आणि त्या सर्वांना मिळून व्हीआरएम म्हणतात. कोअर आय९ १३९००के या प्रोसेसरची इंटेलने दिलेली कमाल टर्बो वीज २५३ वॅट आहे. ही वीज १.२५ व्होल्टला पुरवायची तर सुमारे २०० अँपिअर प्रवाह लागतो. एवढा प्रवाह मदरबोर्डाच्या एका कोपऱ्यातून, काही सेंटिमीटर अंतरात, आणि क्षणात भार शून्यावरून कमालीवर गेला तरी न डगमगता वाहिला पाहिजे. रूपांतराची कार्यक्षमता ९० टक्के धरली तरी सुमारे २८ वॅट उष्णता व्हीआरएममध्येच निर्माण होते. ती बाहेर पडली नाही तर व्हीआरएमचे तापमान मर्यादेपाशी पोहोचते आणि मदरबोर्ड स्वतःच्या बचावासाठी प्रोसेसरचा वेग खाली ओढतो. प्रोसेसर थंड आहे, कूलर उत्तम आहे, तरी जड काम सुरू झाल्यावर काही मिनिटांत वेग कोसळतो, अशा तक्रारीत हा भाग आधी तपासावा.

व्हीआरएम अनेक फेजमध्ये विभागलेले असते. प्रत्येक फेजमध्ये वीज चालू-बंद करणारे मॉस्फेट आणि एक चोक (प्रवाह सपाट करणारे वेटोळे) असतो. सर्व फेज आळीपाळीने काम करतात, त्यामुळे प्रवाह वाटला जातो आणि व्होल्टेजमधील चढउतार कमी होतात. माहितीपत्रकात ‘१६+१+१’ असे काही छापलेले असते. त्यातला पहिला आकडा कोअरसाठीच्या फेजचा असतो, उरलेले प्रोसेसरमधील ग्राफिक्स किंवा इतर भागांसाठी. पण हे १६ खरोखर स्वतंत्रपणे नियंत्रित होणारे १६ असतीलच असे नाही. नियंत्रकाच्या ८ संकेतांवर प्रत्येकी दोन पॉवर स्टेज (मॉस्फेटचे संच) जोडूनही १६ ही संख्या छापता येते. याला फसवणूक म्हणता येणार नाही, कारण प्रवाह खरोखरच १६ जागी वाटला जातो. नुसत्या संख्येवर मात्र निर्णय घेऊ नये. संख्येसोबत प्रत्येक पॉवर स्टेज किती अँपिअरचा आहे हेही पाहावे. ५०, ६०, ९० किंवा १०५ असे ते आकडे असतात.

आता कोणी म्हणेल, १४ स्टेज गुणिले ६० अँपिअर म्हणजे ८४०, आणि गरज तर २०० चीच आहे. मग एवढा अतिरेक कशाला? याचे उत्तर उष्णतेत आहे. वाहकाच्या रोधामुळे होणारा अपव्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २०० अँपिअर १४ स्टेजमध्ये वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १४ येतात. ६ स्टेजमध्ये वाटले तर ३३. रोध सारखाच धरला तर सहा स्टेजच्या मदरबोर्डावर या प्रकारचा एकूण अपव्यय दुपटीहून थोडा अधिक होतो, आणि ती उष्णता निम्म्याहून कमी जागेत कोंडलेली असते. मोठे आकडे कमाल क्षमता गाठण्यासाठी नसतात, रोजच्या भारात व्हीआरएम थंड राहावे यासाठी असतात.

हीटसिंककडेही डोळसपणे पाहावे. मॉस्फेटवर बसलेला, वजनदार, खाचा किंवा पाती असलेला धातूचा ठोकळा उष्णता बाहेर टाकतो. त्यावर चढवलेले प्लास्टिकचे देखणे आवरण आणि रंगीत दिवे टाकत नाहीत. काही वेळा ते हवा अडवतातच. मदरबोर्डाच्या छायाचित्रात सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या अशा दोन्ही रांगांवर हीटसिंक आहे का, एवढे पाहिले तरी स्वस्त मदरबोर्डांतील बराच फरक लक्षात येतो. प्रोसेसरसाठीचा वीजजोड आठ पिनांचा असणे आवश्यक आहे. त्याशेजारी आणखी चार किंवा आठ पिनांचा दुसरा जोड असतो, त्याची निकड प्रामुख्याने द्रव नायट्रोजनने विक्रम करू पाहणाऱ्यांना असते, बाकीच्यांनी त्यावरून मदरबोर्ड निवडू नये.

व्होल्टेजबाबत आणखी एक सेटिंग चांगल्या मदरबोर्डावर बारकाईने मिळते: लोड-लाइन कॅलिब्रेशन. भार वाढला की प्रोसेसरपर्यंत पोहोचणारे व्होल्टेज थोडे घसरते आणि ही घसरण मुद्दाम ठेवलेली असते, कारण भार अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर वर उसळी मारते. बायॉसमध्ये १.३० लिहिले आणि पूर्ण भारात १.२२ दिसले तर मदरबोर्ड खराब आहे असे समजू नये. ही घसरण पूर्ण नाहीशी करणारी पातळी निवडली तर ती उसळी वाढते, आणि ती साध्या तापमान-व्होल्टेज दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतही नाही. मधली पातळी पुरते.

मिळते किती, मोजावे किती

प्रोसेसरची वीज साधारणपणे वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५ गिगाहर्ट्झवरून ५.५ वर जाण्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३२ करावे लागले, म्हणजे दोन्ही १० टक्क्यांनी वाढले, तर वीज १.१ गुणिले १.२१, म्हणजे सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. १८० वॅट घेणारा प्रोसेसर २४० वॅटच्या घरात जातो. हाती येतो तो फार तर १० टक्के वेग, तोही प्रोसेसरच अडसर ठरणाऱ्या कामांत. खेळात ग्राफिक्स कार्ड आधीच पूर्ण ताणलेले असेल तर फरक जाणवणारही नाही.

पूर्वी हा व्यवहार फायद्याचा होता. २०११ चा कोअर आय७ २६००के ३.४ गिगाहर्ट्झचा होता, टर्बोत ३.८ पर्यंत जाई, आणि चांगल्या एअर कूलरवर अनेकांकडे तो ४.५ वर चालला. आजचे प्रोसेसर ती शिल्लक कारखान्यातच वापरून टाकतात. कोअर आय९ १४९००केचा मूळ वेग ३.२ आणि कमाल बूस्ट ६ गिगाहर्ट्झ आहे; त्यापुढे माणसाच्या हाताला फारसे काही उरत नाही. रायझनवर तर सर्व कोअरना एकच पक्का वेग ठरवून देणे तोट्याचेही ठरू शकते. जो प्रोसेसर एकट्या कोअरवर ५.४ पर्यंत जातो, त्याच्या सर्व कोअरना ५.२ वर बांधून टाकले तर सर्व कोअर वापरणारे काम वेगाने होईल, पण एक-दोन कोअरवर चालणारी रोजची कामे मंदावतील.

म्हणून रायझनसाठी पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह) हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. त्यात वेग ठरवायचा नसतो. सॉकेटची एकूण वीज आणि प्रवाह यांच्या मर्यादा सैल करायच्या आणि कर्व्ह ऑप्टिमायझरने प्रत्येक वेगाला लागणारे व्होल्टेज थोडे कमी करायचे. वाचलेल्या उष्णतेच्या जागेत प्रोसेसर स्वतःच अधिक वर जातो. इंटेलच्या बाजूलाही व्होल्टेज किंचित उतरवून, वेग तोच ठेवून, तापमान खाली आणण्याकडे जाणत्यांचा कल वाढला आहे. एकाच मॉडेलच्या दोन चिपांमध्ये हे किती साधेल यात फरक पडतो आणि तो विकत घेण्याआधी कळत नाही.

व्होल्टेज हलक्यात घेऊ नये याची दोन अलीकडची उदाहरणे आहेत. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने बायॉसमधून एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रकासारख्या भागांना मिळणाऱ्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. मेमरीचे प्रोफाइल (तिचा जाहिरातीतला वेग देणारा तयार सेटिंगचा संच) सुरू केल्यावर काही मदरबोर्ड हे व्होल्टेज आपणहून वाढवत होते. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील प्रोसेसर अवाजवी व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे मान्य झाले, मायक्रोकोड सुधारले गेले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. दोन्ही प्रकरणांत वापरकर्त्याने मल्टिप्लायरला हात लावलेला असणे आवश्यक नव्हते. या पिढ्यांचा प्रोसेसर घेणाऱ्याने पहिले काम बायॉस अद्ययावत करण्याचे करावे, वेगाचे नंतर.

मेमरी आणि चुकीतून परतण्याच्या सोयी

मेमरीचा जाहिरातीतला वेग हाही बहुधा ओव्हरक्लॉकच असतो. डीडीआर५ चे मूळ प्रमाण ४८०० पासून सुरू झाले. ६००० ची जोडी तो वेग एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल सुरू केल्यावरच देते. रायझन ७००० साठी ६००० हा सोयीचा आकडा मानला जातो. चार पट्ट्या लावल्या की गाठता येणारा वेग उतरतो, म्हणून दोन मोठ्या पट्ट्या घ्याव्यात आणि त्या मदरबोर्डाच्या तपासलेल्या मेमरीच्या यादीत आहेत का ते पाहावे. इंटेलच्या १२व्या पिढीत ‘के’ नसलेल्या प्रोसेसरांवर मेमरी नियंत्रकाशी संबंधित व्होल्टेज कुलूपबंद असल्याने मेमरीचा वेग फार चढत नाही, ही बाब अनेकांना मदरबोर्ड बसवल्यावर कळते.

ओव्हरक्लॉकिंग करताना संगणक सुरूच न होणे ही रोजची घटना आहे, त्यामुळे त्यातून सावरण्याच्या सोयी चैन समजू नयेत. मागच्या बाजूला क्लिअर सीमॉसचे बटण असेल तर कॅबिनेट न उघडता सेटिंग मूळ पदावर येतात. दोन आकडी त्रुटी-संकेत दाखवणारा छोटा पडदा, निदान प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स यांचे वेगवेगळे दिवे, अडले कुठे ते सांगतात. बायॉस फ्लॅशबॅकचे महत्त्व तर सर्वांत जास्त: पेनड्राइव्हवर उत्पादकाने सांगितलेल्या नावाने फाइल ठेवायची, ठरावीक पोर्टमध्ये लावायची, फक्त वीजपुरवठा जोडून बटण दाबायचे, आणि प्रोसेसर न बसवताही बायॉस बदलते. जुन्या साठ्यातील बी६५० मदरबोर्डावर ९८००एक्स३डी बसवायचा असेल तर ही सोय नसल्यास आधी दुसरा चालणारा प्रोसेसर शोधत बसावे लागते.

कूलरबद्दल थोडक्यात: २०० वॅटच्या पुढे जाण्याचा बेत असेल तर ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर किंवा दोन मनोऱ्यांचा मोठा एअर कूलर गृहीत धरूनच हिशेब करावा. इंटेलचे अलीकडचे ‘के’ प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि रायझन ७००० मालिकेतील बहुतेक ९५ अंशांना स्वतःचा वेग कमी करू लागतात, त्यामुळे छोट्या कूलरवर मल्टिप्लायर वाढवूनही वेग तिथेच अडतो.

वॉरंटीच्या अटींनुसार ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान उत्पादक भरून देत नाहीत, आणि काटेकोरपणे पाहिल्यास मेमरीचे प्रोफाइल सुरू करणेही त्यातच मोडते. इंटेल यासाठी पूर्वी वेगळी संरक्षण योजना विकत असे. ती २०२१ मध्ये बंद झाली.

मदरबोर्ड पक्का करण्याआधी त्याची मार्गदर्शक पुस्तिका उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. बायॉसचे वर्णन तिच्यातच किंवा सोबतच्या वेगळ्या पुस्तिकेत असते. त्या पानांवर कोअर रेशो (म्हणजे मल्टिप्लायर), व्होल्टेज ऑफसेट, लोड-लाइन कॅलिब्रेशन आणि वीज-मर्यादा हे चार पर्याय दिसले नाहीत, तर खोक्यावर काहीही छापलेले असले तरी तो मदरबोर्ड या कामासाठी घेऊ नये.